जुने फोटो, निगेटिव्ह, मोडी कागद आणि गावचा नकाशा: स्कॅन किती डीपीआयला करायचं?

सागरगोटा

राजापूर तालुक्यातलं आमचं घर यंदा दुरुस्तीला काढलंय. त्यानिमित्तानं माळ्यावरची पत्र्याची पेटी पुण्याला आली. आत आजोबांच्या काळचे चारेकशे कृष्णधवल फोटो आहेत. बहुतेक ४ बाय ६ इंची, काही अगदी छोटे चौकोनी. शिवाय १२० रोलच्या (जुन्या कॅमेऱ्यांची रुंद फिल्म) निगेटिव्ह, मोडीतली पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, आणि कापडावर चिकटवलेला गावाचा नकाशा, साधारण तीन फूट बाय चार फूट. कागद पिवळे पडलेत, काहींना कसर लागलीय. पावसाळ्याआधी सगळं स्कॅन करून भावंडांत वाटायचं ठरलंय.

माझ्याकडे फ्लॅटबेड स्कॅनर आहे, खोक्यावर ४८०० डीपीआय (म्हणजे इंचाला ४८०० पिक्सेल, चित्राचे ठिपके) लिहिलंय. एक ४ बाय ६ फोटो २४०० डीपीआय, ४८-बिट रंगात, टिफमध्ये (सहसा काही न गाळता चित्र साठवणारा फाइलप्रकार) स्कॅन केला तर एकच फाइल ८०० एमबीच्या वर गेली. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ती उघडते, पण पुढे काही करू म्हटलं की सगळं थिजतं. चुलतभाऊ म्हणतो ३०० पुरे. मला वाटतं, ही पेटी पुन्हा कोणी उघडेल न उघडेल, एकदाच करायचं तर नीट करावं.

तर कशाला किती डीपीआय? टिफ ठेवू की जेपीईजी (थोडा तपशील गाळून लहान होणारी फाइल)? आणि इतक्या मोठ्या फाइली सांभाळायच्या कशा?

पाटीपेन्सिल

तुमच्या चुलतभावाशी सहमत. आमच्या घरचं सगळं ३०० ला केलं, टीव्हीवर छान दिसतं. ज्यांना बघायचंय ते बघतात. ८०० एमबीचा फोटो कोण उघडणार?

बेरीजवजाबाकी

आधी गणित मांडू, मग वाद घालू.

रंगीत २४-बिट चित्रात दर पिक्सेलला ३ बाइट लागतात, ४८-बिटमध्ये ६. तुमचा ४ बाय ६ इंची फोटो:

३०० डीपीआय: १२०० × १८०० पिक्सेल, सुमारे साडेसहा एमबी
६०० डीपीआय: २४०० × ३६०० पिक्सेल, सुमारे २६ एमबी
१२०० डीपीआय: ४८०० × ७२०० पिक्सेल, सुमारे १०४ एमबी
२४०० डीपीआय: ९६०० × १४४०० पिक्सेल, सुमारे ४१५ एमबी

हे २४-बिटचे आकडे. ४८-बिट घेतलं की दुप्पट, म्हणून तुमचे ८३० एमबी. डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट होते, कारण लांबी आणि रुंदी दोन्हीकडे पिक्सेल वाढतात. ३०० वरून २४०० म्हणजे आठपट डीपीआय आणि चौसष्टपट फाइल.

आता खरा प्रश्न: त्या चौसष्टपट पिक्सेलमध्ये फोटोतलं नवं काय आलं? स्टुडिओत एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारं यंत्र) काढलेल्या ४ बाय ६ प्रिंटमध्ये ३०० डीपीआयच्या फारसा पलीकडचा तपशील सहसा नसतो. ६०० ला त्यात असेल ते सगळं येतं, वर थोडी जागा उरते. २४०० ला कागदाचे तंतू आणि धुळीचे कण फार सुंदर दिसतात, आजोबांचा चेहरा मात्र तेवढाच.

अपवाद ते छोटे चौकोनी फोटो. ते ६ सेंटिमीटरच्या आसपासचे असतील तर निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले कॉन्टॅक्ट प्रिंट असण्याची शक्यता आहे. त्यात तपशील दाटून भरलेला असतो. ते १२०० ला करा.

सागरगोटा

हो, तसेच आहेत! पांढरी किनार, सव्वादोन इंचांच्या आतबाहेर.

रोलफिल्म

मग त्या फोटोंच्याच निगेटिव्ह पेटीत असणार. सागरगोटा, ज्या फोटोची निगेटिव्ह आहे त्याचा प्रिंट स्कॅन करण्यात फार वेळ घालवू नका. निगेटिव्ह हेच मूळ. प्रिंटमध्ये काळवंडून गेलेल्या सावल्या आणि पांढरं पडलेलं आकाश निगेटिव्हमध्ये बहुधा शाबूत असतं.

आपल्याकडे घरोघरी असलेला आग्फा क्लिक ३ सारखा कॅमेरा १२० रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो काढायचा. लेन्स साधी, त्यामुळे निगेटिव्ह मोठी असली तरी तपशील मर्यादित. अशाला २४०० डीपीआय भरपूर झालं. चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते, म्हणजे ५३०० × ५३०० च्या आसपास पिक्सेल. १६-बिट ग्रेमध्ये एक फाइल ५६ एमबी. सांभाळता येण्याजोगी आहे. निगेटिव्हला १६-बिट घ्याच, उलटवून उजळ-काळोख जुळवताना ते बिट कामी येतात.

आणखी काही गोष्टी, ज्यांवर माझा जीव आहे म्हणून सविस्तर लिहितो.

स्कॅनरमध्ये धूळ-ओरखडे आपोआप काढायची इन्फ्रारेड सोय असेल तर कृष्णधवल निगेटिव्हला ती बंद ठेवा. त्या फिल्ममधली प्रतिमा चांदीची असते आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. मग सॉफ्टवेअर प्रतिमेलाच धूळ समजून पुसायला लागतं. रंगीत निगेटिव्हवर तीच सोय उत्तम चालते.

फिल्म काचेला चिकटली की तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटतात, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. होल्डर वापरा. फिल्मची मंद, बिनचमकीची बाजू असते ती इमल्शनची, म्हणजे प्रतिमेच्या थराची. तिला बोट लावू नका.

निगेटिव्हला शिरक्यासारखा आंबट वास येतोय का बघा. येत असेल तर अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होतेय. ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण त्या वाफांनी शेजारच्या पट्ट्यांच्याही विघटनाची गती वाढते. आणि स्कॅनिंगचा क्रम तिच्यापासून सुरू करा. फोटो अजून पन्नास वर्षं थांबेल, ही फिल्म थांबणार नाही. १९५० च्या आधीची फिल्म असेल तर कडेला ‘सेफ्टी’ छापलंय का तेही पाहा. नसेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही असतं, अशी फिल्म घरात न ठेवता जाणकाराला दाखवावी.

मोगरी

रोलफिल्म, वाचनखूण साठवली. वासाचं माहीतच नव्हतं. आत्ता उठून कपाट उघडून हुंगून आले. वास फक्त डांबरगोळ्यांचा आहे!

हिशेबनीस

माझं मत वेगळं आहे. हार्ड डिस्क आता स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग. पेटी एकदाच उघडणार असाल तर स्कॅनर जेवढं देतो तेवढं घ्या. लहान केव्हाही करता येतं, मोठं करता येत नाही. वीस वर्षांपूर्वी लोकांनी ७२ डीपीआयला स्कॅन करून ‘पुरे’ म्हटलं होतं. आज त्या फाइली बघवत नाहीत. पुढच्या पिढीकडे कसले पडदे असतील आपल्याला काय ठाऊक?

बेरीजवजाबाकी

हिशेबनीस, ‘मोठं करता येत नाही’ हे शंभर टक्के मान्य. पण ‘स्कॅनर जेवढं देतो’ ते खोक्यावर लिहिलेल्या आकड्याइतकं नसतं. खोक्यावरचा आकडा म्हणजे सेन्सर किती बारीक पावलं टाकतो ते. समोरची लेन्स, काच आणि फोकस तेवढा तपशील सेन्सरपर्यंत पोचवतात का, हे वेगळं. घरगुती फ्लॅटबेड ४८०० चे पिक्सेल देतात, पण तपशील बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहून कमी असतो. त्याहून मोठे ९६००, १९२०० असे आकडे दिसले तर ते सॉफ्टवेअरनं मधले पिक्सेल भरून काढलेले.

आणि वेळ महाग म्हणता, तर तोच मुद्दा माझ्या बाजूनं जातो. २४०० ला एका फोटोला जितका वेळ लागतो तितक्यात ६०० चे कितीतरी होतात. चारशे फोटोंमधले पन्नास झाल्यावर उत्साह संपला तर उरलेले साडेतीनशे शून्य डीपीआयचे राहतात.

हिशेबनीस

शून्य डीपीआयचा मुद्दा पटला. तरी ३०० ला माझा विरोध कायम. ६०० च्या खाली कोणी जाऊ नये.

पाटीपेन्सिल

टीव्हीवर छान दिसतं हो पण! :)

दूरचा दिवा

न्यू जर्सीहून लिहितोय. ३०० का पुरत नाही याचं एक साधं कारण: कोणीतरी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावणार असतो. छापताना ३०० डीपीआय हवा असं धरलं, तर ६०० ला केलेलं स्कॅन दुप्पट आकारात छापता येतं, १२०० चं चौपट. माझ्या पणजीचा एकच फोटो आहे, लग्नातल्या गटाच्या फोटोत मागच्या रांगेत. चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. मामेबहिणीनं मिरजेहून ३०० ला पाठवला, त्यात चेहऱ्याला १५० पिक्सेल. तिला सांगून तेवढा भाग १२०० ला पुन्हा करून घेतला तेव्हा नथ ओळखू आली. गटाचे फोटो वेगळे काढा आणि त्यांना जास्त डीपीआय द्या.

आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून आणि पुन्हा दाबून पुढे जातो.

शाईदौत

मोडी कागदांबद्दल लिहिते.

पत्रांना ४०० डीपीआय रंगीत, २४-बिट. यात एक पिक्सेल ०.०६ मिलिमीटरचा येतो. बोरूच्या सगळ्यात बारीक रेघेलाही तीनेक पिक्सेल मिळतात, वाचायला तेवढे लागतात. फार बारीक अक्षराची यादी असेल तर ६००. त्यापुढे जाऊन मोडी जास्त वाचता येत नाही. रेघ स्पष्ट असते, अडते ती वळणं ओळखण्यात.

रंगीतच का, ते सांगते. कागद पिवळा, त्यावर पाण्याचा तपकिरी डाग, त्यावर काजळीची काळी शाई. रंगीत स्कॅनमधला फक्त लाल चॅनेल (चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) उघडून बघा: पिवळेपणा आणि डाग जवळजवळ नाहीसे होतात, शाई काळीच राहते. ग्रे किंवा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की ही सोय कायमची गेली. शिवाय डाग शाईच्या वर आहे की खाली, कागद कुठे चिकटवलाय, हे सगळं रंगातूनच कळतं.

घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. वह्यांची पानं काचेवर दाबू नका. तुमचा स्कॅनर अगदी पातळ, यूएसबीवरच चालणारा असेल तर त्यात सीआयएस सेन्सर असणार. त्याला काचेपासून थोडंही वर उचललेलं दिसत नाही, वहीचा मधला भाग धूसर येतो. सीसीडीवाल्या जाड स्कॅनरमध्ये हे बरंच कमी. वह्यांना खरं तर वरून कॅमेऱ्यानं फोटो काढणंच सुरक्षित.

वाचून घ्यायचं असेल तर माणूसच शोधा. टेसरॅक्टसारखं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) छापील देवनागरी मराठी वाचतं, त्याला ३०० डीपीआय पुरतो, पण मोडी हस्ताक्षर त्याच्या आवाक्यातलं नाही. मोडी लिपी युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांचं जागतिक मानक) आली ती २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत. पुण्यातच आहात तर भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, १९१० पासून ही संस्था याच कागदांसाठी झटतेय.

मांडवीकाठ

शाईदौतताईंच्या चॅनेलच्या युक्तीला गोव्याकडून पुस्ती. आमच्याकडे घरोघरी पोर्तुगीज काळातले कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे), जमिनीचे कागद असतात. ती शाई लोह आणि मायफळाची, मूळची काळी, पण काळानं तपकिरी होते. तिथे लाल चॅनेल घेतला तर शाईच पुसट होते! उलट निळा चॅनेल उघडा, तपकिरी शाई त्यात गडद दिसते. आधी शाई कुठली ते बघा, मग चॅनेल.

दुसरं: दोन्ही बाजूंनी लिहिलेला पातळ कागद स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा. स्कॅनरच्या झाकणाचं पांढरं अस्तर उजेड परत फेकतं, म्हणून मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटतात. काळ्या कागदानं ती दबतात. पान जरा करडं दिसतं, ते नंतर उजळता येतं.

पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं आहे. तिथले जुने कागद बघितले की कळतं, लोहाची शाई कागदाला अक्षराच्या आकाराची भोकं पाडते. अशा कागदाला पुन्हा पुन्हा काचेवर ठेवणं म्हणजे त्याचा चुरा करणं. सागरगोटा म्हणतात ते खरं आहे, एकदाच करावं.

तळटीप

कागद जमिनीचे आणि हिशेबाचे आहेत म्हणून एक धोक्याची सूचना. पीडीएफ लहान करायच्या नादात कॉम्प्रेशन कुठलं निवडता ते बघा.

२०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांमधून स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडे बदलत होते. घराच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. कारण होतं जेबीआयजी२ हे काळ्या-पांढऱ्या पानांचं कॉम्प्रेशन. ते सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवतं आणि जिथे जिथे तसं अक्षर वाटेल तिथे तेच चिकटवतं. डीपीआय कमी आणि अक्षर बारीक असेल तर ६ च्या जागी ८ बसतो. भयानक गोष्ट ही की बसलेला ८ अगदी स्वच्छ दिसतो. धूसर आकडा बघून माणूस सावध होतो, स्वच्छ चुकीचा आकडा बघून कोणी होत नाही.

तेव्हा फेरफार, खरेदीखत, जमाखर्च यांची मूळ प्रत टिफमध्ये, बिनहानीच्या कॉम्प्रेशनमध्येच. त्यावरून पीडीएफ बनवताना जेबीआयजी२ ची ‘लॉसी’ (तपशील गाळणारी) सोय बंद. निव्वळ काळ्या-पांढऱ्या पानाला ग्रुप ४ हे जुनं कॉम्प्रेशन आहे, त्यात एकही ठिपका इकडचा तिकडे होत नाही.

मोगरी

बापरे! सातबाऱ्यावर असं झालं तर भाऊबंदकीत आणखी एका पिढीची सोय.

पाटीपेन्सिल

हे वाचून ३०० वरून ४०० वर यायला तयार आहे. त्याच्या वर नाही.

चाफेकळी

अवांतर आहे, पण डीपीआयइतकंच महत्त्वाचं वाटतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, ‘चि. बाळूच्या मुंजीत’ असं काहीतरी तिथेच असतं. मागच्या बाजूला २०० डीपीआय भरपूर.

आणि फोटोतली माणसं ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्यासमोर बसा. आमच्या आत्याला टीव्हीवर एकेक फोटो मोठा करून दाखवला. तिनं नावं सांगितली, कोण कोणाच्या घरी दत्तक गेलं ते सांगितलं, आणि त्या लग्नात मानपान कोणाचा राहिला तेही सांगितलं. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. नावं फाइलच्या नावात किंवा फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यात लिहा. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेननं नाही. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

बिननावाचा फोटो १२०० डीपीआयचा असला तरी मुलांच्या लेखी तो अनोळखी माणसाचाच.

बेरीजवजाबाकी

+१. चाफेकळी, हे धाग्याच्या वरच लावायला हवं.

गवतफुला

पेटीत वर्तमानपत्रांची कात्रणंही असतील ना? आमच्याकडे होती. छापील फोटो स्कॅन केले की त्यावर लहरींसारखी नक्षी येते, ती कशी काढायची?

बेरीजवजाबाकी

छापील फोटो ठिपक्यांचा असतो. वर्तमानपत्रात इंचाला साधारण ८५ रेघा, गुळगुळीत मासिकात १३३ ते १५०. स्कॅनरची जाळी आणि छपाईची जाळी एकमेकींवर पडल्या की ती नक्षी होते. ३०० च्या आसपास जास्त त्रास होतो. ६०० ला स्कॅन करा, म्हणजे ठिपके नीट वेगळे येतात. मग किंचित धूसर करून ३०० वर आणा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ असेल तर तेही हेच करतं, पण मूळ प्रतीत ते वापरू नका, अक्षरंही मऊ होतात.

सागरगोटा

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. निगेटिव्ह हुंगल्या. एका पाकिटाला आंबट वास आहे, ते आजच वेगळं केलं. आत्यांना रविवारी बोलावलंय.

नकाशाचं मात्र अजून कळत नाही. माझ्या स्कॅनरवर तो तुकड्यातुकड्यांनी ठेवायचा तर कापड दुमडावं लागेल. एका झेरॉक्सवाल्याकडे रुळांतून ओढणारा मोठा स्कॅनर आहे. देऊ का?

डोंगरवाट

नकाशा रुळांतून घालू नका! कापडावर चिकटवलेला जुना कागद ठिकठिकाणी सुटलेला असतो. रुळानं एक कोपरा उचलला की सबंध पट्टी सोलून निघते.

मी जुने टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे छापील नकाशे) आणि गावनकाशे जुळवण्यात बराच रमतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी डीपीआय. नकाशावरची बारीक रेघ ०.१ ते ०.२ मिलिमीटरची. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर, म्हणजे सगळ्यात बारीक रेघेला जेमतेम एक पिक्सेल. छापील टोपोशीट ३०० ते ४०० ला नीट वाचता येतं. हातानं काढलेल्या गावनकाशात गट क्रमांक फार बारीक असतात, तिथे ४०० धरा. ६०० म्हणजे चैन.

आता आकार. ३ बाय ४ फूट म्हणजे ३६ बाय ४८ इंच:

३०० ला १०८०० × १४४०० पिक्सेल, २४-बिटमध्ये सुमारे ४६७ एमबी
४०० ला १४४०० × १९२०० पिक्सेल, सुमारे ८३० एमबी
६०० ला २१६०० × २८८०० पिक्सेल, सुमारे १.९ जीबी
१२०० ला ४३२०० × ५७६०० पिक्सेल, साडेसात जीबी

इथे वेगवेगळ्या फॉरमॅटच्या भिंती आडव्या येतात. साध्या टिफला ४ जीबीची मर्यादा आहे, कारण फाइलच्या आतले पत्ते ३२ बिटांत लिहिलेले असतात. त्यापुढे बिगटिफ लागतं. फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबी आणि कुठल्याही बाजूनं ३०,००० पिक्सेल यापुढे जात नाही, तिथे पीएसबी हा मोठ्या फाइलींचा प्रकार लागतो. जेपीईजीची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपर्यंतच. ६०० डीपीआयला तुमचा नकाशा या सगळ्यात बसतो, पण पीएसडीत अगदी काठोकाठ.

उघडताना काय होतं तेही बघा. फाइल डिस्कवर दाबलेली असली तरी रॅममध्ये ती पूर्ण फुलते. वर एक लेयर, ‘अनडू’साठी एक प्रत, असं करत तिप्पट-चौपट जागा लागते. म्हणून सागरगोटा यांचा ८ जीबीचा लॅपटॉप ८३० एमबीच्या चित्रावर थिजतो. लॅपटॉप बदलायची गरज नाही, उघडायची पद्धत बदला. लिबव्हिप्स हे मोफत साधन चित्र सबंध रॅममध्ये न घेता पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं, आकार बदलणं, फिरवणं, कापणं कमी रॅममध्ये उरकतं. नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर: त्यात ‘पिरॅमिड’ बनवून घ्या, म्हणजे मूळ चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती सोबत साठवल्या जातात. तुम्ही दूरून बघता तेव्हा लहान प्रत दिसते, झूम केलं की तेवढेच तुकडे मोठ्या प्रतीतून येतात. कितीही मोठं चित्र सरसर हलतं.

हिशेबनीस

याच पद्धतीनं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’चं चित्र २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ७१७ गिगापिक्सेल, ८,४३९ फोटो जोडून बनवलेलं, फाइल ५.६ टेराबाइटची. दोन पिक्सेलमधलं अंतर ५ मायक्रोमीटर. तरी साध्या फोनवर उघडतं, रंगाच्या भेगांपर्यंत जाता येतं.

बेरीजवजाबाकी

५ मायक्रोमीटर म्हणजे इंचाला ५०८० पिक्सेल. हिशेबनीस, तुमचा जास्तीत जास्त डीपीआयचा आग्रह इथे शोभतो. रंगाचा एकेक कण तपासायचा होता, म्हणून त्यांनी तेवढं घेतलं.

गवतफुला

मोबाइलनं काढले तर? माझ्याकडे स्कॅनरच नाही.

रोलफिल्म

१२ मेगापिक्सेलचा फोन, ४००० × ३००० पिक्सेल. ए४ कागद पूर्ण चौकटीत बसवला तर ३४० डीपीआयच्या आसपास. पत्राला पुरेल. अट एवढीच की उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा, फोन कागदाला समांतर आणि स्टँडवर. कागद उजळवणारी स्कॅनिंग अ‍ॅप टाळा, ती डाग आणि पुसट शाई दोन्ही खातात.

डीएसएलआर आणि मॅक्रो लेन्स असेल तर तो उत्तम स्कॅनर आहे. २४ मेगापिक्सेलमध्ये ३५ मिमीची निगेटिव्ह पूर्ण भरली तर ४२०० डीपीआय पडतो, ६ बाय ६ ला १८०० च्या आसपास. खाली चांगल्या प्रतीचा एलईडी लाइट पॅनेल. स्कॅनरपेक्षा कितीतरी भराभर काम होतं.

डोंगरवाट

नकाशालाही तेच करा. जमिनीवर सपाट पसरा, वरून कॅमेरा, तुकड्यातुकड्यांनी फोटो. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा भाग सामाईक हवा. कॅमेरा हलवण्यापेक्षा नकाशा खालच्या पुठ्ठ्यासकट सरकवा, म्हणजे उजेड आणि अंतर तेच राहतं. ह्यूगिन हे मोफत सॉफ्टवेअर तुकडे जोडतं. बाजूला मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा, नंतर माप काढता येतं. ४०० डीपीआयसाठी २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत १५ बाय १० इंचांचा तुकडा येतो. सामाईक भाग धरून वीस-पंचवीस फोटोंत सबंध नकाशा.

तळटीप

साठवण राहिली. ४ बाय ६ चे चारशे फोटो ६०० डीपीआयला २६ एमबीप्रमाणे साडेदहा जीबी. १२०० ला केले तरी ४२ जीबीच्या आत. निगेटिव्ह, पत्रं, नकाशा धरून सगळं १०० जीबीत मावेल. टिफमध्ये कॉम्प्रेशन ‘झिप’ निवडा, हानी होत नाही. १६-बिट फाइलला एलझेडडब्ल्यू लावू नका, त्यात कधीकधी फाइल उलट फुगते.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. तुम्ही भावंडांत वाटणारच आहात, तर दुसरं गाव आपोआप आलं. पेनड्राइव्ह देणार असाल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, जुन्या फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही. आणि प्रत्येक फाइलची चेकसम यादी बनवून सोबत ठेवा (चेकसम म्हणजे फाइलवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो). पाच वर्षांनी एखादी फाइल बिघडली तर कोणाची प्रत चांगली आहे ते त्यावरून कळतं.

वाटायला वेगळी जेपीईजी प्रत, ९० च्या दर्जाची. दुरुस्ती, उजळवणं, डाग काढणं सगळं प्रतीवर. मूळ टिफ जशी आली तशी.

पाटीपेन्सिल

तळटीप, साडेदहा जीबी? मला वाटत होतं ६०० ला शेकडो जीबी लागतील, म्हणून अडून बसलो होतो. मग ६०० च करावं. आमचे अल्बम अजून थोरल्या काकांकडे आहेत, दिवाळीत पुन्हा काढतो.

हिशेबनीस

या, बसा!

बेरीजवजाबाकी

सागरगोटा, मूळ प्रश्नाला धरून एक शेवटचं. आमच्यापैकी कोणाचाही आकडा डोळे मिटून घेऊ नका, तुमच्याच स्कॅनरवर पारखा. पेटीतला सगळ्यात कणीदार, रेखीव फोटो निवडा. त्याचा इंचभर तुकडा ६००, १२०० आणि २४०० ला स्कॅन करा. २४०० ची फाइल ६०० वर आणा, मग पुन्हा २४०० एवढी मोठी करा आणि मूळ २४०० च्या शेजारी ठेवा. पापण्या, साडीचा काठ, पाटीवरची अक्षरं बघा. दोन्हींत काही फरक दिसला नाही तर ६०० वर थांबा. दिसला तर तेच १२०० वरून करून बघा.

सागरगोटा

दोन फोटोंवर केलं. ४ बाय ६ मध्ये काडीचा फरक नाही. त्या छोट्या चौकोनीत मात्र १२०० ला मागच्या दुकानाची पाटी वाचता येते, ६०० ला नाही. तेव्हा मोठे ६००, चौकोनी १२००, पत्रं ४००, निगेटिव्ह २४००. आंबट वासाचं पाकीट सगळ्यात आधी.

डोंगरवाट, नकाशाच्या घड्या चुरगळलेल्या आहेत. सपाट करायला इस्त्री चालेल का?

डोंगरवाट

अजिबात नाही. उष्णतेनं खळ सुटते आणि कागद कापडापासून वेगळा होतो. स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि थोडं वजन, आठवडाभर, कोरड्या खोलीत. तरीही घडी राहिली तर राहू द्या. फोटो काढताना दिवे थोडे उंच आणि दोन्ही बाजूंना घेतलेत की सावली पडत नाही. कडेचे तुकडे आधी काढा, मधले नंतर. जोडताना अडलात तर इथेच लिहा.